शिळेवरचे अक्षर



ही व्याख्यानमाला एका मुद्रकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून आज पुस्तक लिहिणाऱ्याविषयी न बोलता पुस्तक छापण्याची रीतच बदलून टाकणाऱ्या एका माणसाविषयी बोलायचे ठरवले आहे. त्याच्याकडे वळण्याआधी टेबलावरची ही वस्तू पाहा. दोघा कार्यकर्त्यांनी ती व्यासपीठावर आणली, तेव्हा तिचे वजन तुमच्या लक्षात आलेच असेल.

ही छपाईची शिळा आहे. एका जुन्या वाड्याच्या परसात, मोरीपाशी ती मला दिसली. वाड्याच्या पुढच्या सोप्यात एके काळी शिळाप्रेस चालत असे. प्रेस बंद पडला, यंत्र भंगारात गेले आणि शिळा परसात आल्या. या शिळेवर कित्येक वर्षे कपडे धुतले जात होते. घरच्यांनी ती माझ्यासाठी उलटवली तेव्हा मातीकडची बाजू वर आली. चिंधीने पुसली, तर करड्या-पिवळसर दगडावर फिकट अक्षरे दिसू लागली. शिरोरेघ सरळ होती, पण तिच्याखालची अक्षरे उजवीकडून डावीकडे चालली होती. खिशातला छोटा आरसा धरला आणि पोथीचे एक पान वाचता आले. ज्याने ते लिहिले त्याचे नाव कुठे नव्हते, पण त्याचा हात समोर होता. वेलांटीला दिलेला झोक, ओळ संपत आली म्हणून दाटीने बसवलेली दोन अक्षरे, सगळे जसेच्या तसे.

छापलेल्या पुस्तकात लिहिणाऱ्याचा हात असा जिवंत राहू शकतो, हे ज्याच्यामुळे शक्य झाले त्याचे नाव आलॉइस झेनेफेल्डर.

६ नोव्हेंबर १७७१ रोजी प्रागमध्ये त्याचा जन्म झाला. वडील पेटर झेनेफेल्डर हे नट. पुढे ते म्युनिकच्या दरबारी नाटकगृहात होते, त्यामुळे आलॉइस म्युनिकमध्ये वाढला. मुलाने नाटकाच्या वाटेला जाऊ नये अशी वडिलांची इच्छा. म्हणून तो इंगोलश्टाटच्या विद्यापीठात कायदा शिकायला गेला. १७९१मध्ये वडील वारले आणि शिक्षण सुटले. मागे आई आणि आठ भावंडे. विशीतल्या या मुलाला घर चालवण्यासाठी एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे नाटक लिहिणे.

त्याचे एक नाटक आधी छापून निघाले होते आणि त्यातून पन्नासेक गुल्डन सुटले होते. पुढचे नाटक मात्र छापखान्यात अडकले. लाइपत्सिगच्या ईस्टरच्या ग्रंथजत्रेला ते वेळेवर पोचले नाही आणि विक्रीतून जेमतेम खर्च निघाला. छापखान्यात खेपा घालताना त्याने खिळे कसे जुळवतात, शाई कशी लावतात, दाब कसा देतात हे नीट पाहून घेतले होते. आपलाच छोटा छापखाना असता तर आपण लिहिले असते, आपणच छापले असते आणि घरही चालले असते, असा हिशोब त्याने मांडला. या माणसाच्या पुढच्या सगळ्या धडपडीचे मूळ या हिशोबात आहे. छपाईचा शास्त्रज्ञ व्हायला तो निघाला नव्हता. तो एक लेखक होता आणि त्याला आपले हस्तलिखित छापायचे होते.

पण खिळे घ्यायला पैसे नव्हते. आधी त्याने अक्षरांचे साचे स्वतः करून पाहिले. ते जमले नाही, तेव्हा तांब्याच्या पत्र्याकडे वळला. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यातून टोकदार सळईने लिहायचे आणि आम्ल ओतून अक्षर खोदून घ्यायचे, ही रीत युरोपात जुनी होती. आपल्याकडेही मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली, हे इथल्या अनेकांना माहीत असेल. या कामात सगळे उलटे लिहावे लागते. झेनेफेल्डर दिवसेंदिवस उलटे लिहिण्याचा सराव करत होता. हात चुकला की चूक झाकायला काहीतरी लागे. म्हणून मेण, साबण आणि काजळी पाण्यात एकत्र करून त्याने एक काळी शाई तयार केली. ही शाई लक्षात ठेवा.

तांबे महाग. एकच पत्रा पुन्हा पुन्हा घासून तो वापरत होता आणि दर घासणीला पत्रा झिजत होता. त्याच्याकडे रंग वाटण्यासाठी घेतलेली चुनखडीच्या दगडाची एक लादी होती. म्युनिकच्या उत्तरेला केलहाइम आणि सोलनहोफेनच्या खाणींतून असा दगड निघतो. थर इतके सपाट की त्याच्या फरश्या करतात. सराव तरी या दगडावर करू, असे त्याने ठरवले.

यानंतर येतो तो प्रसंग १७९६ सालचा. तो त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवला आहे. दगड घासून नुकताच तयार झाला होता. आई खोलीत आली आणि धुण्याच्या कपड्यांची यादी लिहून दे म्हणाली, कारण कपडे न्यायला आलेली बाई दारात खोळंबली होती. घरात कागदाचा कपटा नव्हता. होता तो नमुने काढण्यात संपला होता. दौतीतली शाईही वाळून गेली होती. तेव्हा त्याने हाताशी असलेली ती मेण-साबणाची शाई घेतली आणि यादी दगडावरच उतरवली. कागद आला की उतरवून घेऊ, असा विचार होता.

यादी पुसताना त्याच्या मनात आले की यावर आम्ल ओतले तर? एका भागाला दहा भाग पाणी घातलेले आम्ल त्याने पाचेक मिनिटे दगडावर ठेवले. शाईने झाकलेले अक्षर तसेच राहिले आणि भोवतालचा दगड किंचित खाली गेला. अक्षरे पत्त्याच्या पानाच्या जाडीइतकी वर आली होती. त्यांना शाई लावून छाप काढता येत होता.

ही गोष्ट इतकी गोड आहे की बहुतेक जण इथेच थांबतात आणि शिळाछापाचा शोध धुण्याच्या यादीतून लागला असे सांगून मोकळे होतात. माझ्या मते यात झेनेफेल्डरवर अन्याय होतो. १७९६मध्ये त्याच्या हाती आली ती उठावाची छपाई. अक्षर उंच, बाकीचे खोल. तत्त्व खिळ्याचेच, फक्त शिशाच्या जागी दगड आला. खरा शोध अजून दोन वर्षे लांब होता. योगायोगाने दार किलकिले झाले एवढेच. आत जायला त्याला दोन वर्षे खपावे लागले.

ती दोन वर्षे कशी गेली ते पाहा. छपाईचा दाब, म्हणजे दाबयंत्र, घ्यायला पैसे नव्हते. तोफखान्यात दुसऱ्याच्या बदली भरती झाल्यास दोनशे गुल्डन मिळतील असे कळले, तेव्हा झेनेफेल्डरने स्वतःला विकायची तयारी केली. सैन्यात राहून ते पैसे शोधाला लावायचे, असा बेत होता. इंगोलश्टाटला गेल्यावर विचारपूस झाली. जन्म प्रागचा, म्हणजे हा बव्हेरियाचा नव्हे, म्हणून त्याला परत पाठवले. ज्या गावी कायदा शिकला त्याच गावी सैन्यानेही त्याला नाकारले.

मग त्याला फ्रान्त्स ग्लाइसनर भेटला. ग्लाइसनर दरबारी वादक आणि संगीतकार होता. आपली गाणी छापून निघावीत, ही त्याची गरज. संगीताची छपाई तेव्हा फार खर्चाची होती, कारण स्वर, रेषा आणि शब्द सगळे एकत्र जुळवावे लागे. दगडावर मात्र हाताने लिहिले की झाले. १७९६मध्येच ग्लाइसनरच्या बारा गाण्यांच्या १२० प्रती दगडावरून निघाल्या. खर्च तीस गुल्डन आणि विक्री शंभर. पहिल्यांदाच या धडपडीतून चार पैसे सुटले. ग्लाइसनर आणि त्याची पत्नी पुढे वर्षानुवर्षे झेनेफेल्डरच्या पाठीशी उभे राहिले. भांडवल देणारे पुष्कळ भेटतात. यश येवो वा अपयश, सोबत राहणारे माणूस भेटणे दुर्मीळ, आणि याबाबतीत झेनेफेल्डर भाग्यवान होता.

पुढच्या कामासाठी नवा दाब बनवून घेतला, तर त्यावर छपाई बिघडू लागली. कागद वाया गेले, घेतलेली कामे हातची गेली. कारण सापडेपर्यंत उमेद आणि उधारी दोन्ही संपत आली. गरिबीतून शोध जन्मतात असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. मला हे वाक्य पटत नाही. गरिबीत कितीतरी शोध विझून जातात आणि त्यांची नोंदही राहत नाही. झेनेफेल्डरचा शोध टिकला तो त्याने हाताखाली घडणाऱ्या बारीकसारीक गोष्टींकडे कधी दुर्लक्ष केले नाही म्हणून.

अशीच एक बारीक गोष्ट १७९८मध्ये त्याच्या हाती लागली. उलटे लिहिण्याचा त्याला कंटाळा आला होता. कागदावर सरळ लिहावे आणि ते दगडावर उलटे उतरवून घ्यावे, यासाठी नाना शाया आणि कागद तो तपासत होता. एकदा डिंकाच्या पाण्याने भिजलेल्या कागदावरचे लिखाण तेलकट पाण्यात गेले. तेल फक्त अक्षरांवर बसले, कोऱ्या कागदावर बसेना. त्याने जुन्या पुस्तकाचे एक पान फाडले, डिंकाच्या पातळ पाण्यात बुडवले आणि वरून तेलाचा रंग फिरवला. छापलेल्या अक्षरांनी रंग घेतला, कोऱ्या जागेने नाकारला. मग त्याला प्रश्न पडला, हे दगडावर का होऊ नये?

आणि ते झाले. तत्त्व इतके साधे आहे की आपल्या स्वयंपाकघरात ते रोज दिसते. तेलकट ताटलीवर पाणी ठरत नाही आणि ओल्या जागी तेल बसत नाही. चुनखडीच्या दगडाचा गुण असा की तो तेलही धरतो आणि पाणीही धरतो. तेलकट शाईने किंवा खडूने दगडावर लिहायचे. वरून डिंक आणि किंचित आम्ल द्यायचे, म्हणजे लिहिलेले पक्के होते आणि कोरी जागा पाणी धरायला तयार होते. मग दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागी बसते, अक्षरावरून सरकते. आता शाईचा रूळ फिरवायचा. शाई अक्षरावर बसते, ओल्या जागी बसत नाही. कागद ठेवून दाब दिला की छाप निघाला. दगड पुन्हा ओला, पुन्हा शाई, पुन्हा कागद.

यात उंच काही नाही, खोल काही नाही. साडेतीनशे वर्षे युरोपात छपाई म्हणजे उंचसखलपणा होता. खिळ्याचे अक्षर उंच, तांब्याच्या पत्र्यावरचे खोल. अगदी सपाट पृष्ठावरून, केवळ दोन द्रव्यांच्या वैरावर छापता येते, हे पहिल्यांदा या नाटककाराने दाखवले. त्याने स्वतः या रीतीला रासायनिक छपाई म्हटले. दगड हे तिचे एक साधन आहे, हे त्याला पुरते ठाऊक होते. धातूच्या पत्र्यांवर आणि खास तयार केलेल्या कागदावरही त्याने पुढे प्रयोग केले.

१७९९मध्ये बव्हेरियाच्या राजसत्तेकडून त्याला पंधरा वर्षांचा एकाधिकार मिळाला. ओफेनबाखचा संगीत प्रकाशक योहान आंतोन आन्द्रे याने दोन हजार गुल्डन देऊन ही कला घेतली. झेनेफेल्डर लंडनला गेला, १८०१मध्ये तिथले पेटंट मिळाले. पुढे व्हिएन्नाला कापड छपाईतही त्याने हात घातला. कागदोपत्री हा उत्कर्ष दिसतो. प्रत्यक्षात भागीदार बदलत राहिले, हिशोब फिसकटत राहिले आणि तो दूर असताना म्युनिकमध्ये त्याचीच विद्या घेऊन इतरांचे छापखाने उभे राहिले. त्याच्या हयातीतच शोधाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर टाकण्याचा प्रयत्न झाला. १८०६मध्ये तो म्युनिकला परतला तेव्हा नाव होते, पण आर्थिक स्थैर्य नव्हते.

ते मिळाले जमिनीच्या मोजणीमुळे. बव्हेरियाला करआकारणीसाठी प्रत्येक शेताचा नकाशा हवा होता. तांब्यावर इतके नकाशे कोरणे परवडणारे नव्हते, दगडावर ते काढता येत होते. १८०९मध्ये सरकारने झेनेफेल्डरला या छपाईचा निरीक्षक नेमले आणि कायमचा पगार बांधून दिला. त्या मोजणीच्या २६ हजारांहून अधिक शिळा आजही म्युनिकमध्ये तळघरात मांडून जपून ठेवल्या आहेत.

पोटाची चिंता मिटल्यावर या माणसाने आपली सगळी विद्या लिहून काढली. १८१८मध्ये त्याचे शिळाछापाचे संपूर्ण पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि वर्षभरात इंग्रजी आणि फ्रेंच भाषांतरे निघाली. कोणत्या शाईत मेण किती, साबण किती, दगड कसा घासायचा, कुठे आपण चुकलो, धुण्याची यादी, सैन्यातली फजिती, सगळे त्यात आहे. ज्याची विद्या इतकी वर्षे इतरांनी वापरली, त्याला ती मुठीत झाकून ठेवावीशी वाटली असती तर कोणी दोष दिला नसता. त्याने उलट केले. माझ्या दृष्टीने १७९८इतकेच १८१८ हे साल मोठे आहे, कारण तिथून ही कला एका माणसाच्या मालकीची राहिली नाही. २६ फेब्रुवारी १८३४ रोजी म्युनिकमध्ये झेनेफेल्डरचे निधन झाले, तोवर त्याची शिळा मुंबईला पोचली होती.

आता आपल्या घरी येऊ. १८२०च्या दशकात मुंबई सरकारच्या शिळाप्रेसवर शाळांसाठी मराठी पुस्तके निघू लागली. खिळ्यांवर देवनागरी छापायची तर काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे लागतात. ते कोरायचे, ओतायचे, घरांत लावायचे, जुळवायचे. एवढा पसारा सुरुवातीला कोणाला परवडणार? शिळाप्रेसला हवा एक दगड, एक दाब आणि वळणदार अक्षराचा एक लेखक. ज्या लिपीला खिळे नाहीत तिलाही दगड नाही म्हणत नाही. आपली मोडी दगडावर छापली गेली. लखनौच्या नवलकिशोर प्रेससारख्या छापखान्यांनी उर्दू-फारसीचे नस्तालिक वळण दगडावरूनच घराघरांत पोचवले.

आणि मुंबईत गणपत कृष्णाजींनी काय केले? हे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहिलेले गृहस्थ. पाठीशी सरकार नाही, मिशन नाही. त्यांनी आपल्या बुद्धीने दाब तयार केला, शाई स्वतः बनवली, दगडावर छापून पाहिले आणि १८३१मध्ये छापील मराठी पंचांग लोकांच्या हाती दिले. छापण्याच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील पोथीला शिवत नसत. त्यांच्यासाठी गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असे सांगतात. शाई तेलकट असणे एवढीच शिळेची अट. तेल कशाचे, हे तिने कधी विचारले नाही. पुढे त्यांनी देवनागरी खिळेही तयार केले. पण पहिला पाय टेकला तो दगडावर. म्युनिकमध्ये खिळे परवडले नाहीत म्हणून एका लेखकाने जी वाट काढली, तीच मुंबईत दुसऱ्या निर्धन पण जिद्दी माणसाच्या उपयोगी पडली. मला यात योगायोग दिसत नाही. ज्या अडचणीतून एखादे साधन घडते, त्याच अडचणीतल्या माणसाच्या हाताला ते नेमके बसते.

पुढचा इतिहास तुम्हाला परिचयाचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८मध्ये पुण्यात चित्रशाळा हा शिळाछापखाना सुरू झाला. १८९४मध्ये मुंबईत निघालेला राजा रविवर्म्याचा छापखाना नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे जर्मन कारागीर होते आणि एकेका चित्रासाठी रंगागणिक वेगळी शिळा लागे. त्या शिळांवरून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती आपल्या आजीच्या देवघरात टांगलेल्या असत.

कोणी म्हणेल, दगड गेला, आता त्याचे काय? माझे उत्तर असे की एखाद्या ऑफसेट छापखान्यात जाऊन दहा मिनिटे उभे राहा. यंत्र सुरू होताना यंत्रचालक काय पाहतो? पाणी आणि शाई यांचा तोल. पाणी कमी झाले की कोऱ्या जागी शाई धरते, पान मळते. पाणी जास्त झाले की अक्षर फिके पडते. दगडाच्या जागी पातळ ॲल्युमिनियमची प्लेट आली आहे. १९०४च्या सुमारास अमेरिकेत आयरा रुबेलच्या ध्यानात आले की प्लेटवरचा छाप आधी रबरावर आणि रबरावरून कागदावर घेतला तर जास्त स्वच्छ येतो. तिथून ऑफसेट वाढले. पण पाणी कोऱ्या जागेचे आणि शाई अक्षराची, ही वाटणी १७९८चीच आहे. आज सकाळी तुमच्या दारात पडलेले वर्तमानपत्र आणि तुमच्या मुलांचे शाळेचे पुस्तक याच वाटणीवर छापलेले असण्याची शक्यता मोठी.

बर्लिनमध्ये झेनेफेल्डरचा पुतळा आहे. त्याच्या हातात दगड आहे, आणि पायथ्याशी एक बालक त्याचे नाव उलट्या अक्षरांत लिहिते आहे. सोलनहोफेनच्या त्याच दगडाच्या थरात १८६१च्या सुमारास पंख असलेल्या एका प्राचीन प्राण्याचे अवशेष सापडले, आणि त्याच्या शास्त्रीय नावातही लिथोग्राफिका, म्हणजे शिळाछापाचा, हा शब्द आला. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या गाळाने पिसाची रेष न् रेष उतरवून घेतली होती. त्याच दगडाने पुढे माणसाच्या हाताची रेष उतरवून घेतली.

म्हणून शेवटी एक विनंती करतो, आणि आज इथे उभा राहिलो तो या विनंतीसाठीच. बव्हेरियाने आपल्या शिळा तळघरात जपल्या. आपल्या शिळा परसात, पायऱ्यांत आणि मोऱ्यांपाशी पडल्या आहेत. तुमच्या गावात एके काळी शिळाप्रेस होता का, याची चौकशी करा. जुना वाडा उतरवला जात असेल तर तिथला गुळगुळीत दगड एकदा उलटून पाहा. वर अक्षर दिसले तर तो दगड घासू नका, त्याचे छायाचित्र घ्या आणि जवळच्या ग्रंथालयाला कळवा. घरात शिळाछाप पोथी असेल तर तिच्या शेवटच्या पानावर छापखान्याचे आणि लेखकूचे नाव शोधा आणि ते टिपून ठेवा. झेनेफेल्डरने स्वतः लिहून ठेवले म्हणून त्याची कहाणी आज सांगता आली. या शिळेवर इतक्या निगुतीने लिहिणाऱ्या माणसाचे नाव मला देता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला अशा एका जरी माणसाचे नाव सापडले, तर या स्मृतिव्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आता पुढे या आणि शिळा पाहा. आरसा इथे ठेवला आहे.